दुसऱ्याचे पत्र आणि आपले शील

(मंडळाच्या विद्यार्थी मार्गदर्शन वर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गासाठी मंडळाने आम्हांला ‘नागरिकाची कर्तव्ये’ असा विषय दिला होता. विषय मोठा आणि वेळ थोडा. म्हणून त्यातले एकच लहानसे कर्तव्य आम्ही बोलण्यासाठी निवडले आहे. दुसऱ्याच्या नावाचे पत्र चुकून आपल्या दारात आले, तर आपण त्याचे काय करावे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, यावर भाषण ते काय करायचे? ज्याचे त्याला द्यावे, झाले! उत्तर अगदी बरोबर आहे. परंतु आज घरी गेल्यावर प्रत्येकाने फळीवर, टीव्हीच्या मागे, कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलेल्या पिशवीत आणि जिन्याखालच्या मीटरच्या पेटीवर एकदा नजर टाकावी. तेथे दुसऱ्याच्या नावाचे एकही पाकीट सापडले नाही तर आमचे भाषण वाया गेले असे आम्ही आनंदाने मान्य करू.

दुसरा आक्षेप असा की, हल्ली पत्रे येतातच कुठे? हे अर्धे खरे आहे. तारसेवा १४ जुलै २०१३ रोजी बंद झाली. खुशालीचे पोस्टकार्ड आता क्वचितच दिसते. पण पोस्टमनच्या पिशवीत आता काय असते ते पाहा. बँकेचे चेकबुक आणि एटीएम कार्ड, पासपोर्ट, पॅन कार्ड, आधार कार्ड, मुलाखतीचे बोलावणे, जात वैधतेच्या सुनावणीची तारीख, विम्याचे कागद, वकिलाची नोटीस, कोर्टाचे समन्स. पत्रांची संख्या कमी झाली, परंतु एकेका पत्राचे वजन वाढले. पूर्वी एखादे पत्र हरवले तर मामाच्या गावची खुशाली कळत नसे. आता एखादे पत्र हरवले तर नोकरी जाते.

एका न पोहोचलेल्या पत्राची गोष्ट

एका न पोहोचलेल्या पत्राची गोष्ट आपल्या सर्वांना माहीत आहे. मात्र ती पत्राची गोष्ट म्हणून आपण सहसा आठवत नाही. १९०१ सालचा हा प्रसंग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत नमूद केला आहे. त्यांचे वडील सुभेदार रामजी खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपालाच्या नोकरीवर होते आणि मुले साताऱ्यात होती. सुट्टीत वडिलांकडे जायचे ठरले. कोणत्या दिवशी येतो हे वडिलांना पत्राने कळवले. नवे कपडे घालून बाल भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कोणीच आले नव्हते.

पुढचे आपण जाणता. जात कळताच स्टेशनमास्तरची वागणूक बदलली. गाडीवाले बैलगाडीत घेईनात. शेवटी दुप्पट भाडे कबूल करून मुलांनी गाडी स्वतः हाकली आणि गाडीवान पायी चालला. रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. पोरे दुसऱ्या दिवशी वडिलांकडे पोहोचली. वडील म्हणाले, मला तुमचे पत्रच मिळाले नाही. मागाहून उलगडा झाला. पत्र बरोबर आले होते, परंतु ते घेणाऱ्या नोकराने ते वडिलांना दिले नव्हते.

त्या रात्रीचा खरा अपराधी अस्पृश्यता हाच आहे, याविषयी वाद नाही. पण ते पत्र वेळेवर हाती पडले असते तर वडिलांनी स्टेशनावर माणूस पाठवला असता, हेही तितकेच खरे. त्या नोकराने पत्र फोडले नाही, चोरले नाही, फाडले नाही. त्याने ते दिले नाही, एवढेच. पत्र घरापर्यंत पोहोचले, पण माणसापर्यंत पोहोचले नाही. आणि त्याची किंमत कोणी भरली? अनोळखी मुलखात ज्यांना मदतीचा एकही हात नव्हता, त्या लेकरांनी भरली. ज्याच्या ओळखी मोठ्या आहेत, त्याचे एखादे पत्र चुकले तरी चार ठिकाणांहून त्याला खबर मिळते. गरिबाला एकाच पत्राचा आधार असतो. हे आम्ही विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो, कारण आपली वस्ती अशाच एकेका पत्राच्या आधाराने वर आली आहे.

आपल्या वस्तीतील ‘मार्फत’

आपले आजोबा-वडील गाव सोडून गिरणीत, रेल्वेत, गोदीत, नगरपालिकेत कामाला आले. राहायला जागा नव्हती, तेव्हा पत्ता कुठला असणार? कोणाच्या तरी खोलीत चार-पाच बिऱ्हाडे, आणि पत्र यायचे ते ‘मार्फत’ अमुक असे. सबंध चाळीत लिहिता-वाचता येणारा एखादाच. पोस्टमन सगळी पत्रे त्याच्या हातात द्यायचा. संध्याकाळी पाळी संपवून आलेल्या माणसाला तोच पत्र वाचून दाखवायचा, आणि उत्तरही तोच लिहायचा. कोणाच्या घरी कर्ज आहे, कोणाची लेक माहेरी परत आली आहे, कोणाचा मुलगा नापास झाला आहे, हे सर्व त्याच्या पोटात असे. त्यातला एक शब्द तो चाळीत फिरू देत नसे. त्या माणसाकडे पदवी नव्हती. पण दुसऱ्याचे पत्र कसे सांभाळावे, हे त्याच्याकडून आज आपल्यासारख्या पदवीधरांनी शिकावे असे आहे.

आज घरोघरी शिकलेली माणसे आहेत, तरी पत्रे चुकतात. त्याची कारणे साधी आहेत. एका इमारतीत एकाच आडनावाची तीन-चार कुटुंबे असतात आणि पाकिटावर फक्त आद्याक्षर आणि आडनाव असते. जुनी चाळ पाडून इमारत उभी राहते, खोलीचा नंबर बदलतो, पण बँकेत आणि कॉलेजात जुनाच नंबर राहतो. भाडेकरू निघून जातो, परंतु त्याची पत्रे येतच राहतात.

आणखी एक कारण म्हणजे पिन कोड. ही सहा आकडी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्याच महाराष्ट्राचे, टपाल-तार खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे पंडित होते. पहिला आकडा विभाग दाखवतो, पहिले तीन मिळून टपाल वर्गवारीचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन आकडे पत्र वाटणारे पोस्ट ऑफिस ठरवतात. मुंबईची सुरुवात ४०० ने, पुण्याची ४११ ने, नागपूरची ४४० ने. आता पाहा, ४०००१७ म्हणजे धारावी आणि ४०००७१ म्हणजे चेंबूर. लिहिणाऱ्याच्या हातून दोन आकड्यांची अदलाबदल झाली की धारावीच्या मुलाचे पत्र चेंबूरला जाऊन पडते. तेथे त्याच नावाचा कोणी निघाला तर ते त्याच्या दारातही पडते. म्हणून चुकीचे पत्र आले की लगेच पोस्टमनला शिव्या देऊ नयेत. चूक बहुधा पत्र लिहिणाऱ्याची असते, आणि पुष्कळदा आपणच अर्जात पत्ता अर्धवट लिहिलेला असतो.

कायदा काय म्हणत होता आणि आज काय म्हणतो

१८९८ च्या भारतीय पोस्ट ऑफिस अधिनियमात याविषयी दोन कलमे होती. कलम ६८ प्रमाणे, दुसऱ्याला मिळावयाचे टपाल कपटाने ठेवून घेणे, जाणूनबुजून दडवणे, नाहीसे करणे, अडकवून ठेवणे, किंवा पोस्टाच्या अधिकाऱ्याने मागितल्यावर परत न देणे हा गुन्हा होता. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होता. कलम ६९ प्रमाणे, कोणाला अपाय करण्याच्या हेतूने त्याचे पत्र उघडणे किंवा त्याच्यापर्यंत ते पोहोचू न देणे यालाही शिक्षा होती. ध्यानात घ्या, सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या कायद्याने केवळ चोरी पाहिली नाही. ‘अडकवून ठेवणे’ हेही त्याने गुन्ह्यात मोजले.

आज ही कलमे राहिलेली नाहीत. २०२३ साली जनविश्वास कायद्याने जुन्या पोस्ट कायद्यातील शिक्षेची कलमे वगळली. त्यानंतर पोस्ट ऑफिस अधिनियम २०२३ हा नवा कायदा १८ जून २०२४ पासून अमलात आला आणि १८९८ चा कायदा रद्द झाला. मात्र यावरून आता सारे माफ आहे असे कोणी समजू नये. दुसऱ्याची मालमत्ता अप्रामाणिकपणे आपलीशी करणे हा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४०३ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये आहे. त्याला किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षे कैद आणि दंड आहे. त्या कलमाखाली दिलेल्या उदाहरणांत एक उदाहरण पत्राचेच आहे. रस्त्यात पत्र सापडले, त्यात नोट आहे, पत्त्यावरून आणि मजकुरावरून ती कोणाची हे कळते, तरी सापडणाऱ्याने ती खिशात घातली तर तो गुन्हेगार.

परंतु शेजाऱ्याचे पत्र नुसते फळीवर टाकून विसरणाऱ्याला हे कलम सहसा गाठत नाही. त्याने काही घेतलेले नसते. कायदा येथे मागे सरला आहे. मग त्या जागी कोण उभे राहणार?

१९४३ साली पुण्यात ‘रानडे, गांधी आणि जिना’ या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले आहे की, माणसाच्या हक्कांचे खरे रक्षण कायद्याने होत नाही, समाजाच्या सदसद्विवेकबुद्धीने होते. शेजाऱ्याच्या पत्राला हे तंतोतंत लागू पडते. आणि आपण तर दर वंदनेला पंचशील घेतो. दुसरे शील काय सांगते? जे आपल्याला दिलेले नाही ते घेऊ नये. पोस्टमनने पत्र आपल्या हातात ठेवले खरे, पण ते पाठवणाऱ्याने आपल्याला दिलेले नाही. जे दिलेले नाही ते घेऊ नये, तसेच ते ठेवूही नये. दुसऱ्याचा पैसा खिशात घालणारा वस्तीत एखादाच निघेल. दुसऱ्याचे पत्र पंधरा दिवस ठेवून घेणारे मात्र घरटी सापडतील. या शिलाची खरी परीक्षा तेथेच आहे.

पंधरा दिवस म्हणजे काय

आम्ही बँकेत काम करतो, म्हणून पंधरा दिवसांचा अर्थ आम्हांला जरा जास्त कळतो. समजा, एखाद्याने दिलेला चेक पैशाअभावी परत गेला. ज्याचे पैसे अडकले तो परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली नोटीस पाठवतो. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले तर प्रकरण तेथेच मिटते. नाही भरले तर फौजदारी फिर्याद होऊ शकते. शिवाय बरोबर पत्त्यावर सहीच्या टपालाने पाठवलेली नोटीस योग्य वेळी पोहोचली असे कायदा गृहीत धरतो. ती पोहोचली नव्हती हे सिद्ध करण्याचे ओझे ज्याच्या नावाने ती आली त्याच्यावर येते. ती नोटीस शेजारच्या घरी कपाटावर पडून राहिली तर त्या बिचाऱ्याने कोर्टात काय दाखवावे?

चेकचेही तसेच. १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत तीन महिने आहे. त्यापूर्वी ती सहा महिने होती. शेजाऱ्याच्या नावाचे पाकीट तीन महिने पडून राहिले की आतला चेक नुसता कागद होतो. मग पुन्हा अर्ज, पुन्हा खेटे. काउंटरवर एखादी वृद्ध बाई येते, म्हणते, “साहेब, माझं कार्ड आलंच नाही.” आम्ही संगणकात पाहतो, तर कार्ड पोहोचवल्याची नोंद असते. मग ते कोणाच्या हातात गेले? त्या माउलीला पेन्शन काढण्यासाठी पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. दोष कोणाचा हे शोधण्यात अर्थ नसतो, कारण ज्याच्या घरी ते पाकीट आहे त्याला आपण काही वाईट केले असे वाटतच नाही.

मुलीबाळींची पत्रे

आता थोडे कटू बोलतो. चुकीच्या हातात पडणारे पत्र नेहमी परक्याच्याच घरी जाते असे नाही. घरच्या घरातही पत्र चुकीच्या हातात पडते. मुलगी सज्ञान आहे, कॉलेजात जाते, तिच्या नावाचे पाकीट येते आणि भाऊ ते फोडतो. जुन्या कायद्यानेही आई-बापांना किंवा पालकाला सवलत दिली होती ती अज्ञान मुलापुरतीच. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. हक्काचे पुस्तकातले ज्ञान खरे, पण त्याची सुरुवात बहिणीचे पाकीट न फोडता तिच्या हाती देण्यापासून होते.

लग्न होऊन गेलेल्या बहिणीचेही असेच. तिच्या जुन्या नावाची पत्रे माहेरी येतात. त्यात जमिनीच्या फेरफाराची नोटीसही असते. “ती आता इथं राहत नाही,” म्हणून ते पाकीट बाजूला पडते आणि तिचा हिस्साही बाजूला पडतो. असे करणाऱ्याने स्वतःला एकदा विचारावे, हे पत्र खरोखर विसरले का?

प्रत्यक्षात काय करावे

विद्यार्थ्यांनी वहीत उतरून घ्यावे म्हणून हे क्रमाने सांगतो.

१. पाकीट फोडण्यापूर्वी नाव, खोली क्रमांक आणि पिन कोड हे तिन्ही वाचावे. नुसते आडनाव पाहून फोडू नये.

२. पत्र शेजाऱ्याचे असेल तर त्याच दिवशी, त्याच्या किंवा घरातील जाणत्या माणसाच्या हातात द्यावे. दाराच्या फटीत, खिडकीत किंवा लहान मुलाच्या हाती देऊ नये.

३. माणूस ओळखीचा नसेल किंवा जागा सोडून गेला असेल, तर पाकिटावर “या पत्त्यावर राहत नाहीत” किंवा “चुकून येथे आले” असे लिहून, तारीख टाकून पोस्टमनला किंवा पोस्ट ऑफिसात परत द्यावे. मूळ पत्ता आणि पट्ट्यापट्ट्यांचा बारकोड खोडू नये. पाठवणाऱ्याचा पत्ता शोधण्यासाठी आपण पाकीट उघडू नये. बेवारस टपाल उघडण्याचे काम पोस्टाच्या नेमलेल्या कर्मचाऱ्यांचे आहे, आपले नाही.

४. सहीचे टपाल दुसऱ्याच्या नावाचे असेल तर भिडेखातर सही करू नये. २०२५ साली रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, परंतु सहीचे महत्त्व तेच आहे. आपली सही झाली की कागदोपत्री पत्र पोहोचले. ज्याचे आहे त्याने आपल्याला लेखी अधिकार दिला असेल तरच घ्यावे. नसेल तर पोस्टमनला नम्रपणे परत न्यायला सांगावे आणि शेजाऱ्याला त्याच संध्याकाळी कळवावे.

५. पाकीट चुकून फोडले गेले तर घाबरू नये आणि लपवूही नये. पुढे वाचणे थांबवावे, पाकीट चिकटवावे, “चुकून उघडले” असे लिहून सही करावी आणि स्वतः नेऊन द्यावे. लाजेपोटी ते फाडून टाकणे हा सर्वांत वाईट मार्ग.

६. पाकिटावर कोर्टाचे, दवाखान्याचे किंवा वसुलीचे नाव दिसले तर ते जिभेवर आणू नये. पत्र दिले पण बातमी चाळभर केली, तर ते पत्र न दिल्याहून वाईट.

७. आपला स्वतःचा पत्ता पूर्ण लिहावा. जागा बदलली की बँक, कॉलेज, विमा आणि पोस्ट ऑफिस या चारही ठिकाणी लेखी कळवावे.

हाच नियम मोबाइललाही लावावा. दुसऱ्याच्या नावाचा संदेश, त्याचा ओटीपी, त्याच्या खात्याची रक्कम आपल्याकडे आली तर ते चुकून आलेले पत्रच आहे. खात्यात अनोळखी पैसे जमा झाले तर ते खर्च करू नयेत आणि फोनवर कोणी सांगितले म्हणून परस्पर पाठवूही नयेत. आपल्या बँकेत जाऊन लेखी द्यावे. बँक ते ज्याचे त्याला परत करील.

मंडळासाठी एक सूचना

शेवटी मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना आमची एक विनंती आहे. विहारात वर्गणीची वही आहे, वाचनालयाची वही आहे. तशी एक टपाल वही ठेवावी. वस्तीत कोणाकडेही दुसऱ्याचे पत्र आले आणि माणूस सापडेना, तर ते विहारात आणून द्यावे. वहीत तारीख, पाकिटावरील नाव आणि आणणाऱ्याची सही घ्यावी. फळ्यावर फक्त नाव लिहावे, पाकीट कोणाकडून आले ते लिहू नये. दोन दिवसांत कोणी आले नाही तर कार्यकर्त्याने ते पोस्टात परत द्यावे आणि तशी नोंद करावी. यासाठी वर्गणी लागणार नाही, देणगी लागणार नाही. दहावी-बारावीचे दोन विद्यार्थी आळीपाळीने हे काम सहज सांभाळतील. लोकांचा विश्वास सांभाळण्याचे पहिले शिक्षण त्यांना येथेच मिळेल.

आपल्या समाजाने पाण्यासाठी, मंदिरासाठी, जमिनीसाठी मोठे लढे दिले. त्या मानाने हे काम अगदी लहान आहे. पण एखाद्या मुलाचे मुलाखतीचे बोलावणे त्याच दिवशी त्याच्या हाती पडले आणि त्याच्या घरात पहिला पगार आला, तर त्या पगारात आपलाही एक अदृश्य हातभार असेल. त्याला कदाचित आपले नावही कळणार नाही. कळण्याची गरजही नाही.